संयुक्त पाहणी

इतिवृत्त मी लिहिते.
महापालिका, तिसरा मजला, खिडकी पार्किंगच्या बाजूला.
माझ्या टेबलावरून खाडी दिसत नाही,
धारण तलावाची फाइल दिसते:
नऊ वर्षं, चार नाड्या, कडेला वाळवीची रांगोळी.

तलाव आमचा.
तलावात उगवलेली तिवरं कांदळवन कक्षाची.
भरती अडवायची लोखंडी झडप
ज्यांनी हे शहर वसवलं त्यांची, हस्तांतरण प्रलंबित.
झडपेबाहेरचं पाणी सागरी मंडळाचं,
पाण्याचा वास प्रदूषण मंडळाचा,
आणि चिखलात उड्या मारणारा निवटा कुणाचा
याबद्दल पत्रव्यवहार चालू आहे.

वैशाख वद्य प्रतिपदा.
नोटिशीत वेळ अकराची.
सारसोळ्याच्या बांधावर पाच गाड्या, पाच छत्र्या,
पाच नकाशे, आणि प्रत्येकावर
भरतीची रेषा वेगळी.
एकाची रेषा तलावाच्या अलीकडून जाते,
एकाची थेट तलावातून,
खुटवडसाहेबांची तर
शाळेच्या मैदानातून, गोलपोस्टला चाटून.

कालवं फोडत बसलेली चांगुणा तांडेल
कोयतं खाली न ठेवता म्हणाली,
"पानी नकाशा बगून नाय येत, बाय."
मग बोटांवर तिथी धरली, तिची पाऊणपट केली:
"आज पाडवा. पाऊण वाजता या. आत खाडीत जरा उशीरच."

थांबलो.
दुसरं काय करणार, पाण्याला स्मरणपत्र पाठवता येत नाही.
वनरक्षक गावितांनी चहा सांगितला,
पैसे कुठल्या शीर्षाखाली, कुणी विचारलं नाही.
आणि पाणी आलं,
आवाज न करता, आधी खेकड्यांच्या बिळांतून,
मग बुटांपर्यंत.
साहेब लोक एक एक पाऊल मागे सरले,
सगळे एकाच दिशेला:
नऊ वर्षांतली पहिली एकवाक्यता.

जिथे पाणी थबकलं
तिथे चांगुणाबाईने बांबू रोवला.
पाच सह्या झाल्या.
मुद्दा सात, मी लिहिला:
बांबू कोणाच्या हद्दीत येतो, हे पुढील बैठकीत.

पुढील बैठक झाली नाही.
गावितांनी मोबाइलवर एक गट काढला,
नाव ठेवलं "बांबू".
त्यात सुप्रभात कुणी पाठवत नाही.
चांगुणाबाईचा आवाज येतो, मागे कोंबडी ओरडत असते:
"उद्या उधान. दीड. दोन्ही वेला."

नारळी पौर्णिमेनंतरची द्वितीया, रात्र.
पाणी बांबूच्या वीतभर पुढे,
झडप सताड उघडी.
फाटकाची किल्ली गावितांकडे,
चाकाचा दांडा ठेकेदाराच्या रामसुमेरकडे,
गंज सोडवायचं तेल आमच्या भांडारात,
मागणीपत्राशिवाय पिशवीत घालून
मी रिक्षाने आणलेलं.
खुटवडसाहेबांनी बॅटरी धरली.
लेंगा दुमडलेला, नकाशा घरी.
चाक आधी हललंच नाही.
मग किंचाळलं.
मग एकेका दात्याने खाली उतरत गेली झडप,
आणि बाहेरचं पाणी तिला पाठ लावून
उभं राहिलं,
रागावल्यासारखं, पण बाहेर.

शेजारच्या सोसायटीत कुणी जागं झालं नाही.
तळमजल्यावरच्या स्कूटर सकाळी कोरड्या होत्या,
आणि कोरड्या स्कूटरची बातमी होत नाही.

साहेबांनी विचारलं, रात्री काही विशेष?
मी म्हटलं, नाही.
कोणत्या अधिकारात गेलात, हा प्रश्न
त्या "नाही"च्या मागेच उभा होता,
झडपेमागच्या पाण्यासारखा.
दर अमावास्येला तो थोडा चढतो,
आणि रामसुमेरचा ठेका मार्चअखेर संपतो.

बांबूला आता खालून कालवं धरली आहेत.
मी विचारलं, काढायची का?
"राहू दे," चांगुणाबाई म्हणाली,
"भरली म्हंजे मीच काढीन."